अस्तंब्याच्या ऋषीचा खटला

रविवारी सकाळी नऊ वाजता खान्देशातल्या गल्ल्या ओस पडायच्या तो काळ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० असा नेमका सांगता येतो. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’चे ९४ भाग त्या दरम्यान दूरदर्शनवर दाखवले गेले. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सगळी गल्ली; आणि भाग संपला की ओट्यावर दुसरा भाग सुरू. यावल-रावेरकडे लेवा बोलीत असो की धुळ्याकडे अहिराणीत, त्या दुसऱ्या भागात युधिष्ठिराला फारसा वाव नसे. धर्मराजाबद्दल बोलायला असतं तरी काय? बोलणं व्हायचं ते पंकज धीरच्या कर्णाबद्दल, पुनीत इस्सरच्या दुर्योधनाबद्दल, गुफी पेंटलच्या लंगडत येणाऱ्या शकुनीबद्दल. आणि कुणीतरी हटकून विचारायचं, ‘‘मंग त्यानी काय चूक शे?’’

तो वाद अजून मिटलेला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं, तेव्हा आजोबा आणि नातू शेजारी बसून तोच वाद घालत होते. नातवाने मधल्या काळात स्टार प्लसचं २०१३-१४ चं ‘महाभारत’ पाहिलेलं, त्यामुळे त्याच्याकडे शकुनीच्या बाजूने जास्तीचा दाखला होता: आंधळ्याशी लग्न लावून दिलेल्या बहिणीचा. मराठी मालिकांनाही ही वाट सापडली. ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व २०१६ मध्ये झालं आणि २०१९ मध्ये दुसरं आलं ते थेट मागे गेलं, अण्णा नाईक जिवंत होते त्या दिवसांत. माधव अभ्यंकरांचा अण्णा कपटी, कामांध आणि घरच्यांना रडवणारा. तरीही महाराष्ट्र अण्णा आणि शेवंताच्या मागे लागला.

खलनायकाला मागची गोष्ट मिळाली की प्रेक्षकाचा पाय घसरतो, हे लेखकांना ठाऊक आहे. पण या घसरण्याच्या तळाशी जो प्रश्न आहे तो मालिकेपेक्षा फार जुना आहे. माणसाच्या दुःखाने त्याचं पाप कमी होतं का? कर्माचा हिशेब करताना त्या कर्मामागचं कारण कुठल्या रकान्यात लिहायचं?

आपल्या परंपरेला खलनायकाच्या पूर्वकथेचं वावडं कधीच नव्हतं. भागवताने रावणाला थेट वैकुंठाच्या दारात नेऊन उभं केलं आहे. जय आणि विजय हे विष्णूचे द्वारपाल. सनकादिक ऋषींना त्यांनी अडवलं, शाप झाला आणि तीन जन्म देवाचे वैरी म्हणून काढावे लागले: आधी हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, मग रावण आणि कुंभकर्ण, शेवटी शिशुपाल आणि दंतवक्त्र. अध्यात्म रामायणातल्या रावणाला तर राम कोण आहे हे कळलेलं असतं आणि त्याच्याच हातून मुक्ती मिळावी म्हणून तो वैर पत्करतो. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची दहा तोंडांची मूर्ती आहे आणि तिची पूजा होते. रामानंद सागरांच्या मालिकेत रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये साबरकांठ्यातून लोकसभेवर निवडून गेले. तेव्हा खलनायकावर माया करायला आपल्याला दूरदर्शनने शिकवलं, असं कुणी म्हणू नये.

मात्र एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. काही पूर्वकथा मुळातच आहेत. काही मागून चिकटवलेल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ मध्ये पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं पडताळून तयार केलेल्या त्या संहितेत शकुनीचे बापाच्या हाडांचे फासे नाहीत. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदीने आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवलं, तेही नाही. स्वयंवरात ‘सुताला वरणार नाही’ असं तिने कर्णाला सुनावलं, तो श्लोकही संपादकांनी मुख्य संहितेत घेतला नाही. आणि नेमक्या याच तीन गोष्टी खान्देशातल्या कुठल्याही ओट्यावर सगळ्यांना पाठ असतात.

या चिकटवलेल्या गोष्टींत दोन एकाच माणसाच्या माथी येतात, हे सहसा कुणी बोलत नाही. कर्ण सभेत वाईट बोलला, कारण द्रौपदीने स्वयंवरात अपमान केला. दुर्योधनाने वस्त्राला हात घालायला लावला, कारण द्रौपदी हसली. खलनायकाला कारण हवं होतं, ते बाईच्या तोंडून काढलं. एकदा ते काढलं की वस्त्रहरणाच्या प्रसंगातही ओट्यावर कुणीतरी म्हणतोच, ‘‘तिनंबी बोलाले नको व्हतं.’’ गुन्हेगाराची बाजू समजून घेण्याची ही किंमत आहे आणि ती चुकवायला लागते ती जिच्यावर गुन्हा झाला तिला. १९६७ हे मराठीतलं गमतीचं वर्ष आहे. त्याच एका वर्षी शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं, ज्याने कर्णाला घराघरांत नेलं, आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं, ज्याने कर्णाच्या उणिवांवर बिनदिक्कत बोट ठेवलं. ‘युगान्त’ला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ओट्यावर मात्र निकाल ‘मृत्युंजय’च्या बाजूनेच लागलेला आहे.

तेव्हा चिकटवलेली दुःखं बाजूला ठेवावीत आणि जिथे दुःख खरं आहे, मूळ संहितेतलं आहे, तिथे प्रश्न विचारावा. तसा माणूस महाभारतात आहे आणि तो खान्देशातच राहतो.

अस्तंबा हे सातपुड्यातलं १३२५ मीटर उंचीचं शिखर. आज ते नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात येतं. पण नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. चोप्रांची मालिका चालू होती तेव्हा अस्तंबा धुळे जिल्ह्यातच होता. दरवर्षी धनत्रयोदशीला इथली यात्रा सुरू होते. घरोघर पणत्या लागत असताना तळोदा-शहाद्याकडची पोरं, सातपुड्यातल्या पाड्यांवरचे आदिवासी, गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडचे भाविक हा अवघड डोंगर चढतात. वर ज्याचं दर्शन घ्यायचं तो अश्वत्थामा. लोक त्याला अस्तंबा ऋषी म्हणतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो या रानात फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे शूलपाणीच्या झाडीत त्याच्या गोष्टी सांगतात. रावेरच्या पलीकडे, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो रोज पहाटे महादेवाला फूल वाहून जातो म्हणे.

हा अश्वत्थामा आहे कोण? आदिपर्वातलं गरीब ब्राह्मणाचं पोर. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून तो रडला, तेव्हा सोबत्यांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दिलं आणि आपण दूध प्यालो म्हणून तो आनंदाने नाचला. हे पाहून द्रोण द्रुपदाकडे गेले, अपमान घेऊन परतले आणि पुढचं सगळं वैर तिथून सुरू झालं. मोठेपणी त्याच मुलाच्या नावाने बापाचा घात झाला. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, युधिष्ठिराने अर्धं सत्य सांगितलं, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि योगात बसलेल्या म्हाताऱ्याचं डोकं धृष्टद्युम्नाने केसांना धरून उडवलं. कुठल्याही पटकथाकाराला याहून सरस पूर्वकथा लिहिता येणार नाही. लिहायची गरजही नाही.

आणि त्याने केलं काय? अठराव्या दिवसाच्या रात्री घुबडाने झोपलेले कावळे मारलेले पाहून तो पांडवांच्या छावणीत शिरला. धृष्टद्युम्नाने शस्त्राने मार म्हणून विनवलं, तर त्याला लाथांनी मारलं. द्रौपदीची पाचही मुलं कापली. पांडवांचा वंश उरू नये म्हणून पुढे अस्त्र सोडलं ते गर्भावर. चोप्रांच्या मालिकेत ही भूमिका प्रदीप रावत यांनी केली होती, पुढे ‘गजनी’ म्हणून साऱ्या देशाला माहीत झालेले तेच.

त्याची सफाई सौप्तिकपर्वातच आहे आणि ती आजच्या प्रेक्षकाच्या सफाईशी हुबेहूब जुळते. मामा कृपाचार्य अडवतात, झोपलेल्यांना मारणं अधर्म आहे म्हणतात. त्यावर त्याचं म्हणणं असं, की धर्माचा बांध पांडवांनीच आधी फोडला. माझ्या बापाला मारताना कोणता धर्म होता? युक्तिवाद खोटा नाही. युधिष्ठिर खोटं बोलला होता, भीष्म, द्रोण, कर्ण आणि दुर्योधन हे चौघेही नियम मोडून पाडले गेले होते. ओट्यावरचा वकीलही इथपर्यंत आला की जिंकल्यासारखा गप्प होतो.

या ठिकाणी धुळ्याच्या तुरुंगात जायला हवं.

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी राजबंद्यांसमोर गीतेवर बोलायला सुरुवात केली. १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. उतरवून घेणारे साने गुरुजी. (पन्नास-साठ वर्षांनी खान्देशाने रविवार सकाळ पुन्हा महाभारताला दिली, हा योगायोग.) पहिल्याच रविवारी विनोबांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली. अनेकांना त्याने फाशी दिली होती. एके दिवशी खुनाच्या आरोपाखाली त्याचा स्वतःचा मुलगाच समोर उभा राहिला. तेव्हा न्यायाधीश बोलू लागला, की फाशीची शिक्षा अमानुष आहे, तिने माणूस सुधारण्याची आशाच खुंटते. बोलणं सगळं खरं होतं, पण त्या दिवसापर्यंत त्याला ते सुचलं नव्हतं. अर्जुनाची अहिंसा या जातीची आहे, असं विनोबांना म्हणायचं होतं. समोर स्वजन दिसले म्हणून त्याला तत्त्वज्ञान आठवलं.

मालिकांवरच्या वादाला ही गोष्ट नेमकी लागू पडते. पूर्वकथा दाखवणं म्हणजे गुन्हेगाराला प्रेक्षकाचा मुलगा करून टाकणं. नव्वद भाग ज्याच्यासोबत काढले त्याच्या बाजूने करुणा, परिस्थिती, समाजाचा दोष, सगळं सुचू लागतं. सुचतं ते खोटं असतंच असं नाही. पण ज्याची पूर्वकथा दाखवली नाही त्याच्या बाबतीत ते का सुचत नाही, हे विचारलं की बैठक अस्वस्थ होते. वर्तमानपत्रात धुळे-जळगाव महामार्गावरच्या लूटमारीची बातमी वाचताना तोच माणूस ‘असल्यांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे’ म्हणतो. त्या लुटारूलाही लहानपणी कुणी पिठाचं पाणी पाजलं असेल, पण ते कुणी चित्रित केलेलं नसतं.

मग काय, पूर्वकथेकडे पाहूच नये? गीता तसं म्हणत नाही. तिसऱ्या अध्यायात अर्जुन हाच प्रश्न विचारतो: माणसाची इच्छा नसताना, कुणी जोराने ओढून न्यावं तसा, तो पाप करतो ते कशामुळे? कृष्ण काम आणि क्रोधाचं नाव घेतो. अठराव्या अध्यायात तर कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. करणारा हा पाचांतला एक. जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही गीता पुढे म्हणते. अश्वत्थाम्याच्या खटल्यात गरिबी, बापाचा घात, दुर्योधनाने मरता मरता दिलेलं सेनापतीपद, शंकराने दिलेली तलवार हे सगळं पाचांतल्या चारांत बसतं. ओट्यावरचा वकील इथवर बरोबर आहे. तो चुकतो ते मोजताना. चार कारणं सापडली की उरलेलं, म्हणजे करणारा, तो गाळूनच टाकतो. गीता कर्त्याला एकटा सोडत नाही आणि यादीतून काढूनही टाकत नाही. १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजीही काही काळ तिथे होते. कर्ता कोण आणि किती, हा तिथल्या अद्वैताच्या अभ्यासाचाही गाभ्याचा प्रश्न. त्यातला पारमार्थिक भाग अवघड आहे, तो इथे सोडलेला बरा. व्यवहारापुरतं पाचांचं गणित पुरतं.

ते गणित ताडून पाहायला महाभारतात माणसंही आहेत. कृपाचार्यांचं दुःख तेच होतं. मेहुणा कपटाने मारला गेला होता, बहीण कृपी विधवा झाली होती. तरी ते आधी नको म्हणाले. मग मात्र भाच्याच्या मागे गेले, कृतवर्म्यासोबत छावणीच्या दाराशी उभे राहिले आणि पळून येणाऱ्यांना तिथे मारलं. त्यांना शाप नाही. उलट अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून वाचलेल्या परीक्षिताचे ते गुरू झाले! मालिकांनी कृपाचार्यांना पूर्वकथा दिली नाही, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी भांडत नाही. खरं तर भांडायला त्यांच्यासारखा माणूस नाही. चूक कळत होती, सांगताही आली, आणि तरी केली.

दुसरा एकलव्य. द्रोणाच्या घराने ज्याचं सगळ्यात वाईट केलं तो हा निषादांचा मुलगा. सूडाला पुरेसं कारण होतं आणि सूड घेतला नाही. सातपुड्यातल्या भिल्लांमध्ये एकलव्याला मोठा मान आहे, त्याच्या नावाच्या संस्था आहेत, शाळा आहेत. आणि धनत्रयोदशीला त्याच भागातले लोक ज्याच्या दर्शनाला डोंगर चढतात तो अंगठा मागणाऱ्या द्रोणाचा मुलगा आहे. याचा अर्थ लावायला बाहेरच्या माणसाने घाई करू नये. एवढं मात्र दिसतं, की त्या डोंगरावर अश्वत्थाम्याला कुणी निर्दोष ठरवलेलं नाही. जखमेला तेल द्यावं अशी भावना आहे, पण जखम होणंच अन्याय होतं असं कुणी म्हणत नाही. ती वाहतीच असते. शहरातल्या वादात या दोन गोष्टी एकाच ताजव्यात घातल्या जातात: कणव आली म्हणजे सुटका झाली, शिक्षा हवी म्हणजे कणव नको. सातपुड्यातल्या गोष्टीत ही वजनं वेगवेगळी ठेवलेली आहेत.

हे वेगळेपण सगळ्यात कठीण जिला जायला हवं ती द्रौपदी, आणि परंपरेने तिला दोन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. सौप्तिकपर्वात ती अन्न सोडून बसते, अश्वत्थाम्याचा जीव मागते, शेवटी त्याच्या कपाळाचा मणी आणून युधिष्ठिराच्या डोक्यावर ठेवल्यावर उठते. कृष्ण त्याला तीन हजार वर्षं पू-रक्ताच्या वासात, कुणाशी बोलायला न मिळता, भटकायचा शाप देतो. भागवताच्या पहिल्या स्कंधात मात्र अर्जुन त्याला जनावरासारखा बांधून आणतो, भीम मारायला निघतो, आणि द्रौपदी म्हणते, सोडा त्याला. तो गुरूचा मुलगा आहे, आणि मी जशी रडते आहे तशी त्याची आई रडू नये. अश्वत्थाम्याचं बालपण, दुधाच्या जागी पीठ, बापाचा घात, यातलं एकही कारण ती देत नाही. त्याची बाजू तिने समजून घेतलेली नाही, घ्यायची तिला गरजही वाटत नाही. तिला कृपी दिसते. टीव्हीच्या भाषेत सांगायचं तर तिने खलनायकाची पूर्वकथा पाहिलीच नाही आणि तरी त्याला जीवदान दिलं. त्यानंतर त्याचे केस कापून मणी काढून घेतला गेला आणि त्याला हाकलून दिलं, तेही तितकंच खरं. मोठ्यातल्या मोठ्या मालिकेला हा प्रसंग झेपला नसता, कारण यात माफी मिळवायला खलनायकाला काहीच करावं लागत नाही.

तिच्या पाच मुलांची नावं होती प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक आणि श्रुतसेन. शकुनीचे फासे कशाचे होते हे सांगणाऱ्यांना ही नावं विचारून पाहावीत. मेलेल्यांना पूर्वकथा नसते, त्यांना फक्त संख्या असते.

या वादात आणखी एक शब्द ऐकू येत नाही, प्रायश्चित्त. दोषी की निर्दोष, एवढ्यावरच लोक थांबतात. धर्मशास्त्राने मात्र पानंच्या पानं खर्चली आहेत ती केलेलं पाप आपलं म्हणून पत्करणाऱ्याने पुढे काय करायचं यावर. गंमत म्हणजे हा धागा धरला तो एका मारधाडीच्या सिनेमाने. २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’मध्ये अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले आहेत आणि कृष्णाने त्याला दिलेलं काम आहे पोटातल्या कल्कीचं रक्षण करण्याचं. गर्भावर अस्त्र सोडणाऱ्याने गर्भ राखायचा. सिनेमा बाकी कसाही असो, हे सुचायला धर्माची थोडी जाण लागते.

पुराणं त्याहून पुढे गेली आहेत. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात पुढच्या, सावर्णी मन्वंतराच्या सप्तर्षींची नावं दिली आहेत. त्यांत कृप आहे आणि द्रोणाचा मुलगाही आहे. अस्तंब्यावरची माणसं त्याला ऋषी म्हणतात ते पुराणाला धरूनच आहे. तेच पुराण आणखी सांगतं, की दर द्वापरयुगात वेदांची मांडणी करणारा एक व्यास होतो आणि येत्या द्वापरातला व्यास असेल अश्वत्थामा. झोपलेल्या पोरांना कापणाऱ्याच्या हाती पुढच्या खेपेला सगळं ज्ञान लावून ठेवायचं काम. व्यासांनी या खेपेला वेद लावले आणि वर स्वतःच्याच घराची भाऊबंदकी लिहून काढली, स्वतःसकट कुणाला सोडलं नाही. अश्वत्थाम्यालाही तशी गोष्ट सांगायची झाली तर त्या रात्रीच्या छावणीचं पर्व त्याला लिहावं लागेल, आणि तिथे आत शिरणाऱ्याच्या बाजूने किती ओळी घालायच्या ते तोच ठरवील.